आबांच्या खुणा

"उजे, तुझ्या माणसाक सांग, पायातला काढ आणि मगे होडयेर चढ."

आबा कॉटवर उशांना टेकून बसले होते. समोर टीव्हीतल्या गेममध्ये माझा माणूस, पिवळं जाकीट घातलेला एक दाढीवाला, फळ्या आणि पिंपं बांधून केलेल्या आमच्या होडीवर चढत होता. मी ओटीवर, दाराजवळ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, कारण आत इंटरनेटला रेंज नाही.

"आबा, त्येचे बूट निघत नाय. तसा बटणच नाय."

"मगे पोहान येऊंदे मागसून. चपला घालून चढाक ही काय एस्टी आसा?"

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आई तांदूळ निवडत होती. ती खुदकन हसली आणि म्हणाली, "उजा, आबांका विचार, च्याय ठेवू काय?"

आबा तिच्यापासून हाकेच्या नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर होते. पण आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्या गाबितांच्या, म्हणजे मासेमारांच्या, जुन्या घरांतली रीत आई लग्न होऊन आल्यापासून पाळत होती. काही सांगायचं तर माझ्यामार्फत. मी पुण्याला असले की मांजराला सांगायची, भिंतीला सांगायची, आणि आबा ऐकून भिंतीलाच उत्तर द्यायचे. आबांना अर्धांगवायू झाल्यावर त्यांना भरवणं, पुसणं, कूस वळवणं सगळं आईच्या अंगावर आलं. काकी तर कधीच वारली होती आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. तरी आई घास त्यांच्या तोंडाशी धरून बोलायची ती मांजराशीच.

"च्याय व्हयी," आबा मला म्हणाले. मीही तसंच आईला सांगितलं.

देवगडच्या पलीकडे खाडीच्या तोंडाशी आमची वाडी आहे. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत कामाला होते. गेम बाजारात येण्याआधी ते खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. आईला अजून वाटायचं की मी कुणा मोठ्या माणसाच्या मुलांना सांभाळते. आबांचा उजवा हात कामातून गेल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं की बोटांना सतत काहीतरी उद्योग द्या, मनाला आवडेल असा. रबरी चेंडू दिला तर आबांनी तो खिडकीतून बाहेर टाकला. मग मला हा गेम आठवला. आमच्याच कंपनीत तयार होत होता. अथांग समुद्र, त्यात लहानमोठी बेटं, आणि तुम्ही मोडक्या होडीतून त्यांच्यामध्ये फिरत राहायचं. लाकूड तोडायचं, गोडं पाणी भरायचं, होडी वाढवायची. दोघांना मिळून खेळता येतो. मी सुट्टी काढून आले, जुना लॅपटॉप टीव्हीला जोडला, तिथून माझ्या लॅपटॉपपर्यंत वायर ओढली आणि कंट्रोलर आबांच्या हातात दिला. डाव्या हाताने सुकाणू धरायचं आणि उजव्या अंगठ्याने एकच बटण दाबायचं, शिडाचं.

पहिले काही दिवस आबांनी खेळाला शिव्या घातल्या. वारा खोटा आहे म्हणाले. लाटा मागून येतात आणि होडी पुढून भिजते, हे बनवणाऱ्याने कधी समुद्र बघितला तरी आहे का, म्हणाले. मग एका दुपारी मी ओटीवरून बघितलं, तर ते पुढे वाकून बसले होते आणि शीड खाली येत होतं. उजवा अंगठा हलला होता. जेमतेम, पण हलला होता. आईने तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. मला इतका आनंद झाला की मी आबांना मिठीच मारली आणि आमची होडी खडकावर आदळली.

त्यानंतर आबा तांडेल झाले आणि मी खलाशी. ते हुकूम सोडायचे, मी फळ्या ठोकायचे. त्यांची ऐट बघण्यासारखी होती. खेळात नकाशा होता, पण त्यांनी तो कधी उघडू दिला नाही.

"नकशे शाळेत. दर्यात खुणा."

खुणा म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. समुद्रात जाळी टाकली, की किनाऱ्यावरच्या दोन वस्तू डोळ्यांनी एकावर एक बसवायच्या. पुढची टेकडी आणि मागच्या डोंगराचं टोक, किंवा देवळाचा कळस आणि एखादा माड. तशीच दुसरी जोडी आडव्या दिशेला. दोन्ही जोड्या जुळल्या, की तुम्ही बरोबर त्या जागेवर. यंत्र आलं तरी जुने तांडेल डोळ्यांनी खूण बांधूनच जाळ्यावर जायचे. तांडेलाची अब्रू त्याच्या खुणांत असते.

आणि आबांची अब्रू तिथेच गेली होती.

माझे वडील वासुदेव, घरात सगळे वासू म्हणायचे. मी अगदी लहान असताना ते आबांच्या बोटीवर होते. जाळी लावून झाली आणि एका खलाशाचा हात रहाटात सापडला. त्याला तातडीने बंदरात न्यायला हवं होतं. जाळी तशीच सोडली तर दुसरे कुणी कापून नेतील म्हणून आबांनी वडिलांना लहान होडीत कंदील देऊन जाळ्यावर बसवलं. जाताजाता म्हणाले, तू हयच थांब, मी येतंय. ते बंदरात पोचेपर्यंत वारं सुटलं. आबा तरीही परत गेले. संध्याकाळ होत आली होती. ते परतले ते जाळीशिवाय आणि होडीशिवाय. गावाने शोध घेतला, पोलिसांनी घेतला, काही मिळालं नाही. मग गाव म्हणू लागलं, गोपाळ तांडेलाच्या खुणा चुकल्या. आबांनी कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बोट विकली आणि परत तांडेल म्हणून कधी कुणाच्या बोटीवर गेले नाहीत. मला वाढवलं, शिकवलं, आईला कशाला कमी पडू दिलं नाही.

आई मात्र त्या चुकलेल्या खुणांवरच जगत होती. खुणा चुकल्या, म्हणजे आबा जाळ्यापर्यंत पोचलेच नाहीत. म्हणजे होडी तिथेच कुठेतरी होती, नंतर वाऱ्याने वाहत गेली असेल, एखाद्या जहाजाने उचललं असेल, वाहत पार पलीकडच्या देशात लागली असेल. टीव्हीवर तिकडच्या तुरुंगातून सुटलेले खलाशी दाखवायचे तेव्हा ती अगदी टीव्हीला नाक लावून एकेक दाढीवाला चेहरा बघायची. भटजींनी एकदा सुचवलं की देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करता येतो. आई त्यांना म्हणाली, "जित्या माणसाचो पुतळो करू?" त्यानंतर कुणी विषय काढला नाही. मीही नाही. तिच्या आशेवर माझा विश्वास नव्हता, पण ती काढून घेतली तर तिच्याकडे राहणार काय, हे मला सांगता येत नव्हतं.

तर त्या दुपारी, बुटांवरून आमचं भांडण झालं त्याच दुपारी, आम्हाला एक मोठं बेट लागलं. भरपूर बांबू, उंच झाडं. होडीवरचं गोडं पाणी संपत आलं होतं आणि पाण्याचा झरा दिसत होता तो लांबच्या दुसऱ्या बेटावर. आमच्याकडे अजून नांगर नव्हता. होडी रिकामी सोडली तर वाहून जायची. एकाने होडीवर राहणं भाग होतं.

"तू उतर," आबा म्हणाले. "बांबू तोड. मी पाणी भरून येतंय."

"दोगांय जाऊया मा, आबा. मगे परत येऊया."

"वेळ कित्याक घालवतंस? माका खुणा गावल्यो. तो दोन शेंड्यांचो खडक आणि त्येच्या मागचो कमानीचो. दोनय एकावर एक ठेवलंय की नाकासमोर हय येतलंय." त्यांचा आवाज इतका तरतरीत मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. "तू हयच थांब. मी येतंय."

सुपातला तांदळाचा आवाज थांबला. मी मान वळवून बघितलं, तर आई आबांकडे बघत होती. आबा टीव्हीकडे बघत होते. मग तांदूळ पुन्हा वाजू लागले.

मी बांबू तोडत राहिले. आबांची होडी लहान होत गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने माझ्या पडद्यावर लांबची झाडं नाहीशी झाली. मला वाटलं, लॅपटॉप अडकला. मग बांबूचं बेट गेलं, म्हणजे मी तोडत होते तोच बांबू समोरून गेला, आणि शेवटी पायाखालची वाळू गेली. माझा पिवळ्या जाकिटातला माणूस धपकन पाण्यात पडला. चारी बाजूंना नुसतं पाणी. सांगायला हरकत नाही, मला पहिल्यांदा आनंद झाला. इतकी घसघशीत चूक आमच्या टीममध्ये कुणालाच सापडली नव्हती. मी भराभर ते चित्रण करून ठेवलं.

"आबा, खय पोचलात?"

"पाणी भरलंय. वळलंय. खुणा लागल्यो एकदम."

माझा माणूस हातपाय मारत होता. त्याच्या दमाची पट्टी उतरत चालली होती. पोहत कुठे जाणार, जायला जागाच नव्हती. ती पट्टी संपली आणि तो खाली गेला. पडद्यावर आधी निळाई, मग काळोख. मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि गंमत सांगायला आत गेले.

आबांच्या टीव्हीवर रिकामं पाणी होतं. मागे दोन शेंड्यांचा खडक आणि कमानीचा खडक अगदी एकावर एक, जणू एकच खडक. आबा होडी गोल गोल फिरवत होते.

"हयच होता," ते म्हणाले. "ह्या बघ, खुणा बघ. हयच होता बेट."

मी सांगणारच होते की आबा, होडी लांब गेली की मागचं बेट हा खेळ पुसून टाकतो असं दिसतंय. पण माझ्या आधी आई बोलली. उंबऱ्यातून, हलक्या आवाजात, लहान मुलाची समजूत घालावी तशी.

"उजा, आबांका सांग, आसांदे. खुणा कोणाच्योय चुकतत."

ती हे टीव्हीतल्या बेटाबद्दल बोलत नव्हती. ते आम्हा तिघांनाही कळलं. इतकी वर्षं तिने त्यांना कधी बोल लावला नव्हता आणि माफ केलंय असंही कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तिने म्हटलं. अंगठा हलला, माणूस पुन्हा हसायला लागला, म्हणून तिला वाटलं असेल की आता म्हणून टाकावं.

आबांचा डावा हात कंट्रोलरवरून खाली पडला.

"माझ्यो चुकाक नाय," ते म्हणाले.

"आबा, आयकशात काय? ह्या खेळात—"

"तेव्हाय चुकाक नाय."

आई सूप बाजूला सारून उठली. ती खोलीच्या मध्यापर्यंत आली आणि थांबली.

"गेलंय मी त्या दिवशी," आबा टीव्हीकडे बघत म्हणाले. "निम्म्या वाटेच्या फुडे गेलंय. दोनय खुणा जुळल्यो. दिवो दिसलो."

"खयचो दिवो?"

आईने हे त्यांना विचारलं. मला नाही, मांजराला नाही. थेट त्यांना.

"वासूचो. होडयेवरचो."

"मगे?"

"पाणी बोटीत येय होता. सगळी पोरां रडाक लागली. आणखी फुडे गेलेलो तर कोणच परत येवचो नाय होतो." त्यांचा श्वास लागला होता. "वळयलंय."

"दिवो होतो तेव्हा?"

"होतो."

बोटीवरच्या एकाही माणसाने इतक्या वर्षांत तोंडातून ब्र काढला नव्हता. कसा काढणार? ते जिवंत होते ते त्या वळण्यामुळे. आणि आबांनी खुणा चुकल्याचा ठपका आनंदाने नाही, पण मुकाट्याने घेतला होता, कारण खरं होतं ते त्याहून वाईट होतं. तांडेलाचा नेम चुकला म्हणून गाव हसलं तर हसू दे. पण नेम बरोबर लागला होता.

आईने विचारलं, "होडी सुटलेली, काय बांधलेली?"

"बांधलेली. जाळ्याच्या नांगराक."

त्या एका उत्तराने सगळं संपलं. बांधलेली होडी वाहत कुठेही जात नाही. तिला कुठलं जहाज उचलत नाही, ती कुठल्या देशाला लागत नाही. मासेमाऱ्याच्या बायकोला ते समजावून सांगायची गरज नव्हती. मी आईचा हात धरायला गेले, तर तिने तो सोडवून घेतला.

"तुमचो दिवो त्येका दिसलो आसतलो?" तिने विचारलं.

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ते खोटं बोलतील. मनातल्या मनात मी त्यांना विनवत होते की एवढं एक खोटं बोला.

"दिसलो आसतलो," ते म्हणाले. "आमी वळलंव ताय दिसला आसतला."

नेमकं तेव्हा टीव्हीवर काहीतरी वाजलं. बुडालेल्या खेळाडूला खेळ थोड्या वेळाने आपणहून होडीवर आणून सोडतो. पिवळ्या जाकिटातला माझा दाढीवाला आबांच्या होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर उभा होता. कोरडा, धडधाकट. त्याने आमच्याकडे बघून हात हलवला. खेळात कुणी परत आलं की तसा हात हलवतात.

"ह्या बंद कर, उजे," आबा म्हणाले.

मी वायर उपटली.

ती चूक मी पुढे कंपनीला कळवली. काम ते काम. उत्तर आलं की ही चूक नाही, होडीपासून लांब राहिलेलं काही सांभाळायचं नाही, असंच ठरवून केलेलं आहे. पुढच्या अमावास्येला समुद्रकिनाऱ्यावर पळसाच्या पानांचा पुतळा झाला आणि त्याला अग्नी मी दिला. मुलीने द्यावा की नाही यावर भटजी काही बोलू पाहत होते, पण आईचा चेहरा बघून गप्प राहिले. मला न्या, खुर्चीत घालून न्या, लांबून बघतो, असं आबा दोन दिवस माझ्या विनवण्या करत होते. आईने नाही म्हटलं. मला आबांची दया आली का? आली. राग आला का? तोही आला. बोटीवरची ती पोरं डोळ्यांसमोर आणली की राग जायचा, आणि अंधारून आलेल्या पाण्यावर पाठ फिरवत जाणारा दिवा आठवला की परत यायचा. अजून तसंच आहे. त्यांचा उजवा अंगठा पुन्हा कधी हलला नाही. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

दिवेलागणीला आईने नेहमीसारखी पेज आणली. कॉटजवळ स्टूल ओढलं, आबांच्या गळ्याखाली टॉवेल खोचला आणि चमचा तोंडाशी धरला. आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"उजा," ते म्हणाले, "तुझ्या आवशीक सांग, माका मरांदे आता. भरवा नको."

मी काही सांगायच्या आधीच आई बोलली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं.

"माणसाक टाकून तुमी इलात. माका ता जमाचा नाय. तोंड उघडा."

चमचा हवेत तसाच होता. तिचा हात जराही हलत नव्हता. मी दारात उभी होते आणि मला वाटत होतं की आईने ओरडावं, वाडगा फेकून द्यावा, भिंतीवर डोकं आपटावं, म्हणजे आम्हा तिघांनाही श्वास घेता येईल. तिने तसं काही केलं नाही.

आबांनी तोंड उघडलं. त्यानंतर ते खूप वर्षं जगले, आणि आईने त्यांचं एकही जेवण चुकवलं नाही.